अंगावरचे दूध, अंगावरचे वजन

बाळंतपणाची रजा संपण्यास ६ आठवडे उरले असताना एका दुपारी मी कामावर नेसण्याच्या साड्या कपाटातून बाहेर काढल्या. धाकटा नुकताच झोपला होता. एकेक ब्लाउज अंगात घालून पाहिला आणि एकेक पुन्हा घडी करून ठेवून दिला. शिंप्याने आतून ठेवलेली माया मोठ्या मुलीच्या वेळीच उसवून झाली होती, आता उसवण्यासारखे काही शिल्लक नव्हते. त्याच आठवड्यात शाखेत एका कागदावर सही करण्यासाठी गेले असता एका परिचित ग्राहक भगिनींनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारले होते, "बाळ झालं ना? मग हे काय?" त्यांच्या मनात वाईट काही नसावे. परंतु तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

पुढे मी जे केले ते करू नये, एवढ्यासाठी हा लेख नाही. मी वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवीधर, हिशेब हा माझा व्यवसाय, आणि तरीही एका साध्या हिशेबात माझी जी चूक झाली, ती नेमकी कोठे झाली हे पुढे मला एका डॉक्टर बाईंनी समजावून सांगितले. आपल्या बँकेत आणि आपल्या ग्राहकवर्गात नव्याने आई होणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून तो हिशेब येथे मांडते.

आमचे घर मूळचे सांगलीचे, पण बदलीच्या नोकरीमुळे धाकट्याचा जन्म वडोदऱ्यात झाला. गरोदरपणापूर्वी माझे वजन ५८ किलो होते, नवव्या महिन्याअखेर ते ७३ झाले. उंची ५ फूट २ इंच. प्रसूतीनंतर घरी आले तेव्हा काटा साडेसदुसष्टावर होता, म्हणजे साडेपाच किलो त्या ४ दिवसांतच गेले. त्यात जवळजवळ ३ किलो तर प्रत्यक्ष बाळाचेच, शिवाय वार, गर्भजल आणि रक्त. नंतरच्या काही आठवड्यांत अंगात साठलेले पाणी उतरते, गर्भाशय सुमारे ६ आठवड्यांत आकसून पूर्ववत होते. आयुर्वेदानेही सूतिकेचा काळ दीड महिन्याचा मानला आहे. सव्वा महिन्याचे पथ्यपाणी उरकले तेव्हा माझे वजन ६६ होते. चार महिन्यांनीही ते ६६ च होते.

का होते, ते सांगायला हवे. आई सांगलीहून डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा घेऊन आली होती. डिंक, खारीक, खोबरे, बदाम, खसखस, सुंठ, गूळ आणि हे सर्व बांधून ठेवणारे साजूक तूप. शिवाय रोज अळिवाची खीर. शेजारच्या गुजराती मासींचा जीव माझ्यावर. त्यांनी त्यांच्या पद्धतीचे काटलुं करून आणले, तेही तूप, गूळ, डिंक आणि बत्तीस मसाल्यांचे. एका बाळंतिणीला दोन प्रांतांचे बाळंतपण मिळाले! भारतात कोठेही गेलात तरी हे असेच आहे. पंजाबात पंजिरी, राजस्थानात सुंठीचे आणि डिंकाचे लाडू, केरळात मेथ्यांची कांजी, तमिळनाडूत बाळंतिणीसाठी खास लेह्य. काही घरांत याच्या उलट टोकही असते. तेथे बाळंतिणीला भाज्या वर्ज्य, पाणीसुद्धा मोजून. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान अधिक लागते आणि तिने तहानेप्रमाणे पाणी प्यायला हवे, ही गोष्ट आता कोणताही डॉक्टर सांगेल.

मी लाडवांची थट्टा करीत नाही. जी बाई पहाटे दळण दळून, विहिरीचे पाणी शेंदून, शेतावर जाऊन येत असे, जिला एरवी तुपाचे दर्शन सणालाच होई, तिच्यासाठी सव्वा महिन्याचा हा खुराक म्हणजे वर्षभराची तूट भरून काढण्याची एकमेव संधी होती. आजीच्या पिढीला तो लाडू लागला, पचला आणि जिरलाही. माझी स्थिती वेगळी होती. मी नऊ महिने संगणकासमोर बसून काम केलेले, खाण्यापिण्याची ददात नसलेली, १५ किलो आधीच जमा केलेली बाई.

आता हिशेब. पहिले ६ महिने केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पिते. शंभर मिलिलिटर दुधात ६५ ते ७० उष्मांक असतात (उष्मांक म्हणजे आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो त्या). म्हणजे रोज सुमारे ५०० उष्मांक दुधातून बाहेर जातात, आणि ते दूध तयार करण्यासाठी शरीराला थोडी शक्ती वेगळी खर्चावी लागते. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने स्तनपान करणाऱ्या मातेसाठी पहिल्या ६ महिन्यांत रोज ६०० आणि पुढील ६ महिन्यांत ५२० उष्मांक अधिक घ्यावेत, अशी शिफारस केली आहे. बैठे काम करणाऱ्या स्त्रीची एरवीची गरज परिषदेने २०२० मध्ये १,६६० धरली. दोन्ही मिळून २,२६०. अमेरिकेत हा जादा आकडा ३३० ते ४०० एवढाच सांगतात, कारण गरोदरपणात साठलेल्या चरबीतून उरलेला भाग शरीर स्वतः भागवील असे ते गृहीत धरतात. ज्या स्त्रीच्या अंगावर साठाच नाही तिला ही वजावट लागू होत नाही, हे मात्र येथे ध्यानात ठेवायला हवे. आपल्या देशात तशा माता कमी नाहीत.

माझ्या जमेच्या बाजूला काय होते? लिंबापेक्षा थोडा मोठा, चाळीसेक ग्रॅमचा डिंकाचा लाडू दोनशेच्या वर उष्मांक देतो. एका ग्रॅम तुपात ९ उष्मांक असतात, त्यावरून कोणालाही हा आकडा काढता येईल. मी रोज २ लाडू, काटलुंचा १ तुकडा आणि वाटीभर खीर खात होते. नेहमीच्या दोन वेळच्या जेवणाशिवाय हे ९०० उष्मांक झाले. गरज ६०० ची. म्हणजे रोज ३०० शिल्लक, महिन्याला ९,०००. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. अंगावर पाजल्याने वजन आपोआप उतरते, असे मला सर्वजण सांगत होते. ते खोटे नाही, पण खर्चाच्या बाजूला ६०० लिहिताना जमेच्या बाजूला ९०० पडत असतील तर शिल्लक कमी होणार कशी? उलट, पाजणाऱ्या बाईची भूकही वाढते. माझे वजन चौथ्या महिन्यापर्यंत वाढले नाही एवढेच नवल, आणि त्याचे श्रेय मोठ्या मुलीच्या मागे धावण्यात गेलेल्या वेळाला दिले पाहिजे.

हे सर्व मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला एवढेच ठाऊक होते की ६ आठवड्यांत ब्लाउज झाले पाहिजेत. मी लाडू बंद केले, ते ठीक. परंतु त्याबरोबर भात बंद, पोळी अर्धी, सकाळी पपई, दुपारी एक भाकरी व पालेभाजी, रात्री दुधीभोपळ्याचे सूप. आईला कळले तेव्हा ती फोनवर रागावली, "अगं, तू अंगावर पाजतेस. अर्ध्या पोटी उठून कसं चालेल?" मी तिला जुन्या विचारांची ठरवले. याच सुमारास, कामावर रुजू झाल्यावर बाळाची पंचाईत होऊ नये म्हणून मी त्याला काढलेले दूध बाटलीने देण्याची सवय लावू लागले आणि दोन पाजण्यांमधले अंतरही वाढवले. तीन आठवड्यांत माझे वजन ६६ वरून ६२ वर आले. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई, केस मुठीने गळत, संध्याकाळी विनाकारण रडू फुटे. पण काटा उतरत होता आणि मी मनातून खूश होते.

बाळाला पाच महिने पूर्ण झाले तेव्हा वजन करण्यासाठी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. चौथ्या महिन्याला तो ६ किलो २०० ग्रॅम होता. या वयात महिन्याला चारशे-पाचशे ग्रॅम वाढ अपेक्षित असते. काट्याने दाखवले ६ किलो ३५०. डॉक्टर बाईंनी त्याला काट्यावरून उचलले, पुन्हा ठेवले. आकडा तोच. बाळाच्या कार्डावर वजनाचे जे टिंब दर महिन्याला वर चढत होते, ते त्या दिवशी जवळजवळ आडवे सरकले. वर्षानुवर्षे आलेख आणि विवरणपत्रे पाहण्यात गेलेल्या माझ्या डोळ्यांना त्या आडव्या रेषेचा अर्थ कोणी सांगावा लागला नाही.

डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न बाळाविषयी विचारला, दिवसातून किती दुपटी ओली करतो? पूर्वी सात-आठ होत, आता चार-पाच, असे मी सांगितले. सहाहून कमी म्हणजे दूध पुरत नसल्याची खूण, असे त्या म्हणाल्या. दुसरा प्रश्न माझ्याविषयी, "तुम्ही दिवसभरात काय खाता?" मी यादी सांगितली. त्यांनी ती कागदावर लिहिली, बेरीज केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. बेरीज हजारच्या आत होती.

दोष नेमका कशाचा, हे त्यांनी छातीठोकपणे सांगितले नाही आणि त्यांचा तो प्रामाणिकपणा मला आवडला. दूध मागणीप्रमाणे तयार होते. बाळ जितके ओढेल तितके पुढच्या वेळी येते. पाजण्यांतील अंतर वाढवले की शरीर समजते, मागणी घटली. बाटलीने ते काम आधीच केले होते. दिवसाला दीड हजारांहून कमी उष्मांकांवर राहिल्यास दूध घटण्याचा संभव असतो, ते काम माझ्या पथ्याने केले असावे. दोन्ही एकाच वेळी घडले, तेव्हा कोणाच्या खात्यावर किती टाकायचे?

त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र मला चटका लावून गेली. आफ्रिकेतील गांबिया देशात केनेबा नावाच्या गावात १९८० च्या सुमारास स्तनपान करणाऱ्या मातांवर संशोधन झाले. त्या स्त्रिया अपुऱ्या आहारावर शेतात राबत. त्यांना पूरक आहार देण्यात आला, तेव्हा त्यांच्या दुधाचे प्रमाण काही वाढले नाही, कारण अपुऱ्या आहारावरही त्यांचे शरीर बाळाला पुरेसे दूध देतच होते. मोबदला आईच्या शरीरातून वळता होत होता. बाळाचा हप्ता शक्यतो चुकू नये, अशीच निसर्गाची व्यवस्था आहे. कॅल्शियमचे तसेच. आहारात कितीही असले तरी पाजण्याच्या काळात आईच्या हाडांतून काही अंश काढला जातो आणि पाजणे थांबल्यावर बहुधा भरून येतो. परंतु सर्वच घटक असे नाहीत. ब-१२ जीवनसत्त्व आईच्या शरीरात कमी असेल तर दुधातही कमी उतरते, आणि त्याची तीव्र उणीव असलेल्या बाळाला रक्तक्षय होतो, त्याची वाढ मंदावते, हातपाय थरथरू लागतात. पूर्ण शाकाहारी घरांतील सुनांनी वजन उतरवण्यासाठी दूध, दही, ताक प्रथम सोडावे, यासारखी दुर्दैवी गोष्ट नाही. मीही तेच केले होते.

उपाय साधा निघाला. बाटली बंद, दर दोन-अडीच तासांनी अंगावर पाजणे, रात्रीही. माझे जेवण पूर्ण. वरचे दूध इतक्यात नको, दहा दिवसांनी पुन्हा वजन. ते दहा दिवस मला आमच्या वार्षिक लेखापरीक्षणाहून लांब वाटले. यजमान रोज काटा विकत आणू या म्हणत आणि मी नको म्हणे. दहाव्या दिवशी बाळ २६० ग्रॅमने वाढले होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी रडले, ते कोणी पाहिले नाही असे मला वाटते.

वजन उतरवण्याचा विचार मग सोडून द्यायचा काय? मी हा प्रश्न थोडा शरमतच विचारला. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. दोन बाळंतपणांचे न उतरलेले वजन बेरजेने पुढे जाते, आणि मधुमेह व रक्तदाब त्या बेरजेची वाट पाहत असतात, असे त्यांचे म्हणणे. भारतीयांसाठी वजन व उंचीचे गुणोत्तर २३ च्या पुढे गेले की वजन अधिक समजतात आणि स्त्रियांनी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा असे सांगतात. ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला होता, त्यांनी तर प्रसूतीनंतर ६ आठवड्यांनी साखरेची तपासणी चुकवूच नये. अंगावर पाजणे हे अशा मातांना पुढे मधुमेहापासून काही अंशी संरक्षणही देते.

तेव्हा प्रश्न वेगाचा आणि वेळेचा आहे. अमेरिकेत २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची माहिती त्यांनी मला दिली. वजन अधिक असलेल्या, केवळ अंगावर पाजणाऱ्या ४० माता. बाळ ४ आठवड्यांचे झाल्यावर त्यांतील काहींनी रोजच्या आहारातून ५०० उष्मांक कमी केले आणि आठवड्यातून ४ दिवस ४५ मिनिटे व्यायाम केला. दहा आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ४.८ किलोंनी उतरले. ज्यांनी काहीच केले नाही त्यांचे ०.८ किलोंनी. आणि दोन्ही गटांतील बाळांच्या वाढीत फरक नव्हता. आठवड्याला साधारण अर्धा किलो हा वेग बाळाला बाधत नाही, असे यावरून मानतात. मी तीन आठवड्यांत चार किलो उतरवले होते. तेही मापात भात-पोळी खाऊन नव्हे, उपाशी राहून.

माझे गणित त्यांनी असे मांडून दिले. गरज २,२६०, वजा ५००, राहिले १,७६०. म्हणजे अठराशेच्या आसपास खावे, त्याखाली उतरू नये. रोज ५०० म्हणजे आठवड्याला साडेतीन हजार, चरबीच्या हिशेबाने जवळजवळ अर्धा किलो. आणि मी आता सहाव्या महिन्याकडे निघाले असल्याने व बाळाने नुकताच झटका दिलेला असल्याने ५०० ऐवजी २५० पासूनच सुरुवात करावी.

अठराशे उष्मांकांत पुष्कळ जेवण बसते, हा माझ्यासाठी सुखद शोध होता. सकाळी मोड आलेली मटकी घातलेले पोहे किंवा धिरडी, दुपारी दोन भाकरी अथवा पोळ्या, वाटीभर उसळ, भाजी, कोशिंबीर, आमटी आणि ताक, संध्याकाळी भाजलेले चणे आणि फळ, रात्री मुगाची खिचडी, झोपताना दूध. आमच्याकडे अंडी चालतात, ती आठवड्यातून चार दिवस. प्रथिनांची स्त्रीची रोजची गरज ४६ ग्रॅम, पाजणारीला पहिल्या ६ महिन्यांत आणखी १७ ग्रॅम, ती केवळ सुपावर भागणे शक्यच नव्हते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, मी त्या सव्वा महिन्यानंतर विसरले होते. लाडूही परत आला. रोज एक, छोटा, न्याहारीबरोबर. आईला हे सांगितले तेव्हा तिच्या आवाजातला विजय लपला नाही.

कमी झाले ते वेगळेच. वडोदऱ्यात राहून शेव-उसळ, फाफडा आणि लीलो चेवडो यांच्यावर पाणी सोडणे हा त्याग लहान नव्हे. त्याहून चोरटी गोष्ट म्हणजे शाखेतला चहा. रुजू झाल्यावर दिवसातून चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, सोबत बिस्किटे आणि कोणा ना कोणा ग्राहकाच्या घरचे पेढे. एका संध्याकाळी मी ते सर्व लिहून बेरीज केली, ती साडेतीनशेच्या वर गेली. पेढा नाकारणे आपल्याकडे अशिष्टपणाचे समजतात. मी तो घेते, पिशवीत ठेवते आणि घरी यजमानांना देते. त्यांचे वजन हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

व्यायामाच्या बाबतीत एक भ्रम माझाही होता की केवळ चालण्याने काम होईल. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात पाजणाऱ्या मातांनी १२ आठवडे नियमित व्यायाम केला. दुधाचे प्रमाण किंवा कस बिघडला नाही, पण वजनही व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा अधिक उतरले नाही, कारण जेवढे खर्चले तेवढे त्यांनी जास्त खाल्ले. खर्च वाढला की उचल वाढते! आहार आणि व्यायाम दोन्ही एकत्र केले तरच अर्थ आहे. मी पहाटे बाळाला पाजून कमाटी बागेत जाऊ लागले. पाजून गेल्यास छाती जड होत नाही आणि अर्धा-पाऊण तास मोकळा मिळतो. तेथे विश्वामित्रीच्या काठाने चालताना बऱ्याच मराठी घरांतील आज्या भेटतात. त्यांच्या दृष्टीने मी 'ओली बाळंतीण' आणि डोक्याला रुमाल न बांधता फिरणारी. दोन-तीन दिवसांनी मी रुमाल बांधू लागले. त्याने वजनाला काही होत नाही, पण आज्यांशी बोलणे सुरू झाले.

ज्यांची प्रसूती शस्त्रक्रियेने झाली आहे त्यांनी पोटाचे व्यायाम डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करू नयेत. सामान्यतः ६ आठवड्यांच्या तपासणीनंतरच ही परवानगी मिळते. गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधोमध दुभंगतात, काहींचे लवकर जुळत नाहीत. अशा वेळी पाठीवर पडून उठण्याचे व्यायाम नुकसानच करतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम मात्र बहुतेकींना लवकर सुरू करता येतो, आणि शिंकताना लघवी सुटण्याची जी तक्रार आपण बायका एकमेकींनाही सांगत नाही, तिच्यावर तो गुणकारी आहे. पोट बांधण्याने कंबरेला आधार मिळतो, चरबी वितळत नाही. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक घेणे हे आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते, इतके एकच वाक्य त्या विषयावर पुरे.

वजन उतरवणारी चूर्णे, काढे, गोळ्या यांना पाजण्याच्या काळात स्पर्शही करू नये. मधुमेह आणि स्थूलत्वासाठी अलीकडे भारतात आलेली, आठवड्यातून एकदा घ्यायची जी इंजेक्शने सध्या सर्वांच्या तोंडी आहेत, तीही स्तनपान करणाऱ्या मातांनी टाळावीत असाच सल्ला दिला जातो. आणि सर्व करूनही वजन हलत नसेल, थकवा व उदासी जात नसेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. प्रसूतीनंतरच्या वर्षात ही ग्रंथी काही स्त्रियांत बिघडते. माझे संध्याकाळचे रडू पूर्ण आहार सुरू केल्यावर आठवड्याभरात थांबले. ज्यांचे थांबत नाही त्यांनी ते मनाचा दुबळेपणा समजून गप्प बसू नये, डॉक्टरांना सांगावे.

झोपेचा उल्लेख केला नाही तर लेख अपुरा राहील. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बाळ ६ महिन्यांचे असताना जेमतेम पाच तास वा त्याहून कमी झोपणाऱ्या मातांच्या अंगावर वर्षाअखेर ५ किलोंहून अधिक वजन राहण्याची शक्यता, ७ तास झोपणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळली. हे वाचून नव्या आईने काय करावे? तिने काही करावयाचे नाही, घरातल्या इतरांनी करावयाचे आहे. आमच्याकडे पहाटे ४ ते ७ बाळ यजमानांकडे सोपवले, आणि चालणे सातनंतर ढकलले.

कामावर रुजू होणे हा या सर्वांतला अवघड भाग. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची तरतूद करणे आवश्यक ठरले. तथापि प्रसूतीपूर्वी ३ आठवडे रजा घेतली की २३ आठवडे उरतात, आणि ६ महिने केवळ अंगावरचे दूध या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीशी त्याचा मेळ बसवायला तीन आठवडे कमी पडतात. ते तीन आठवडे मी दुपारी दूध काढून भागवले. आमच्या शाखेत वेगळी खोली नव्हती. जुन्या व्हाउचरांच्या खोलीची किल्ली व्यवस्थापकांनी एक शब्दही न विचारता माझ्या हाती दिली, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. काढलेले दूध बर्फाच्या पिशवीतून घरी जाई. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातांच्या दुधाची बँक आहे, आशियातील पहिली म्हणून ती ओळखली जाते. ठेवीदार माता आणि कर्जदार अपुऱ्या दिवसांची बाळे, परतफेडीची अट नाही. व्हाउचरांच्या ढिगाऱ्यात बसून मला तिची आठवण हटकून येई.

बाळ वर्षाचा झाला तेव्हा माझे वजन ६०.५ किलो होते. बाळाचे ९ किलो. पुढे पाजणे पावणेदोन वर्षांपर्यंत चालले, त्याला सहाव्या महिन्यापासून वरचे अन्न सुरू होतेच. ५८ वर मी परत गेले नाही, आणि आता जाईन असे वाटत नाही. अकरा ब्लाउजांपैकी सहा होतात, उरलेले मासींच्या सुनेला दिले.

आमच्या शाखेतील एक तरुण सहकारी भगिनी गेल्या महिन्यात बाळंत झाली. आईने सांगलीहून तिच्यासाठी डिंकाचे लाडू पाठवले आहेत. मी डबा उघडून पाहिला. लाडू सुपारीहून थोडे मोठे, नेहमीच्या निम्मे. सोबत आईच्या अक्षरात चिठ्ठी होती, "रोज एक. आणि जेवण पोटभर."